चुकलेला पाय

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला नांदेड जिल्ह्यातील माळेगावात खंडोबाची यात्रा सुरू होते. लोहा तालुक्यातील हे गाव त्या दिवसांत घोडे, उंट, गाढवे आणि लाल कंधारी बैलांनी फुलून जाते. लातुरात दवाखाना चालविणारा मी पन्नाशीनंतर तेथे चित्रवही घेऊन जाऊ लागलो. चित्रकलेचे शिक्षण नाही. रक्तदाब वाढला, झोप उडाली, तेव्हा गोळीच्या जोडीला स्वतःलाच लिहून दिलेला हा विरंगुळा.

पहिल्याच वर्षी घोडेबाजारात एक स्वार पांढरी घोडी रेवाल चालीने फिरवून दाखवीत होता. मी भराभर रेषा ओढल्या. मागे उभे असलेले एक वृद्ध शेतकरी चित्र पाहून म्हणाले, "चित्र बेस हाय साहेब, पण ही घोडी ती नाही. ती मागला डावा पाय जपून टाकायलीय बघा. तुम्ही चारी पाय सारखेच काढले की."

मी पुन्हा पाहिले. त्यांचे खरे होते. मी समोरची नव्हे, मनातली घोडी काढली होती.

त्या वाक्याने दवाखान्यातही माझी पाठ सोडली नाही. काही महिन्यांपूर्वीच माझ्या एका मधुमेही रुग्णाच्या पायाचे बोट काढावे लागले होते. ते दरमहा येत. मी साखरेचा आकडा पाहून गोळ्या लिहून देई. त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि मी कधी चप्पल काढायला सांगितले नाही. जुन्या मधुमेहात पाय बधिर होऊ शकतात. मग जखम होऊनही दुखत नाही. मी रुग्ण पाहत नव्हतो, कागद पाहत होतो.

आता रुग्ण दारापासून खुर्चीपर्यंत येतो, ती चार पावले मी पाहतो. मधुमेह्यांचे तळवेही पाहतो. अशाच एका आजींच्या अंगठ्याखालची जखम वेळेत सापडली. पाय वाचला.

आपल्या घरी कोणाला मधुमेह असेल तर रोज रात्री उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. फोड, भेग किंवा काळसरपणा दिसल्यास दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. आणि पोळ्याला मुलांसह बैल जरूर काढा. कागदाकडे कमी, बैलाकडे अधिक पाहून.

ते चुकलेले चित्र मी दुरुस्त केलेले नाही. माझ्या टेबलाच्या काचेखाली ते आजही आहे.