कोबेतला ‘जोझु’

कोबेला भाच्याकडे आम्ही बारा दिवस राहिलो. पहिल्याच दिवशी बेकरीत घोकून ठेवलेले ‘आरिगातो गोझाइमास’ म्हणालो, तर काउंटरवरच्या बाई आनंदाने उद्गारल्या, ‘निहोंगो जोझु देस् ने!’ जपानी किती छान येते तुम्हाला! दोन शब्दांवर एवढी शाबासकी आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना कधी दिली नसेल.

‘जोझु’ लिहितात दोन अक्षरांनी : ‘वर’ आणि ‘हात’. उलट ‘हेता’, म्हणजे ‘खाली’ आणि ‘हात’. गाणे, पोहणे, स्वयंपाक, ज्यात हात बसला त्यात माणूस जोझु. स्वतःबद्दल मात्र हा शब्द वापरायचा नाही. शिक्षकाला त्याच्याच विषयात जोझु म्हणणे तर आगाऊपणा, कारण शाबासकी वरून खाली येते. कुणी आपल्याला म्हटले तर उत्तर ठरलेले : ‘इइए, मादा मादा देस्’. छे, अजून बरेच शिकायचे आहे. आम्हाला लगेच उर्दूतले ‘जर्रानवाजी है आपकी’ आठवले.

जुम्याला कोबेच्या मशिदीत गेलो. 1935 साली उभी राहिलेली, जपानमधली पहिली मशीद. तिच्यासाठी पैसा देणाऱ्यांत हिंदुस्थानी व्यापारीही होते. 1945 ची बॉम्बफेक आणि 1995 चा भूकंप, दोन्हींतून ती वाचली.

परतताना भाच्याची नऊ वर्षांची लेक एका दुकानात पेन्सिल घ्यायला थांबली. डोक्यावर हिजाब. जन्म कोबेचाच. मराठी-उर्दू तिला समजते, पण भांडते ती जपानीतच. दुकानदार आजोबा अगदी मायेने म्हणाले, ‘निहोंगो जोझु देस् ने!’

पोरीने ‘मादा मादा’ म्हटले नाही. बाहेर आल्यावर बापाला विचारले, ‘अब्बा, माझ्या मैत्रिणींना असं कुणी का म्हणत नाही?’

भाचा गप्प. आम्हाला बी.एड.चा सरावपाठ आठवला. तास संपल्यावर निरीक्षक कौतुकाने म्हणाले होते, ‘अरे वा, तुमचं मराठी किती शुद्ध आहे!’ ज्या भाषेत आजीने आम्हाला रागे भरले, त्या भाषेबद्दल. त्यांच्याही मनात वाईट काही नव्हते. आम्ही ‘थँक्यू सर’ म्हणालो आणि ते थँक्यू कित्येक वर्षे टोचत राहिले.

पोरीला एवढेच सांगितले, ‘पुढच्या वेळी म्हण, मी इथलीच आहे, आजोबा.’ घर येईपर्यंत ती ते वाक्य जपानीत तोंडातल्या तोंडात घोळवत होती.