एक सुट्टी नातवंडांची, एक दोघांची

निवृत्तीनंतर बहुतेक आजी-आजोबांच्या वाट्याला एकाच प्रकारचा प्रवास येतो. नातवंडांच्या शाळेला सुट्टी लागली की त्यांना घेऊन कुठेतरी जायचं. त्यात आनंद असतोच. पण दोघांनीच, फक्त आपल्या हौसेसाठी निघायचं म्हटलं की घरातले जरा गप्प होतात. "या वयात? आणि तेही गोल्फ खेळायला?" हे आम्ही ऐकलेलं आहे. आमचे हे फौजेतून निवृत्त झाले, गोल्फची गोडी तिथलीच. बदल्यांच्या गावी वेळ कसा घालवायचा म्हणून मीही शिकले. सांगलीच्या माझ्या वहिनींच्या मते हा हरवलेला चेंडू शोधत हिंडण्याचा श्रीमंती खेळ आहे. चेंडूंबद्दल त्यांचं अगदी बरोबर आहे.

आम्ही दिल्लीत राहतो, त्यामुळे दोन्ही सहलींना शिमल्याचीच वाट सोयीची पडते. मे महिन्यात पुण्याहून आलेल्या नातवंडांना घेऊन शिमला आणि ऑक्टोबरमध्ये दोघंच नालदेहरा. दोन्ही ठिकाणांत अंतर जेमतेम २२-२३ किलोमीटर. मग एकाच फेरीत दोन्ही का नाही, असं सगळे विचारतात. आजोबा सकाळी गोल्फ खेळतील, मुलं रिसॉर्टच्या खेळघरात रमतील, अशी पॅकेजंही मिळतात. मला ती पटत नाहीत. आजोबांचं निम्मं लक्ष घड्याळाकडे राहतं आणि मुलांना कळतं की आपल्याला कुणाच्या तरी हवाली केलंय.

मुलांबरोबर जायचं तर कालक्यापासून छोट्या गाडीनेच जावं. मोटारीने वेळ वाचतो, पण वळणांवर मुलांना उलट्या होतात आणि आपली कंबर धरते. ही अडीच फुटी रुळांची गाडी १९०३ मध्ये सुरू झाली, २००८ मध्ये तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. ९६ किलोमीटरला पाच तासांच्या वर लागतात आणि तेच तिचं सुख आहे. बोगद्यांच्या तोंडाशी क्रमांक लिहिलेले असतात. नऊ वर्षांच्या नातीकडे वही-पेन्सिल दिली आणि सहा वर्षांच्या नातवाला ओरडण्याचं काम दिलं की आजी-आजोबा निवांत. शिमल्याजवळच्या शेवटच्या बोगद्याचा क्रमांक १०३ आहे, पण बोगदे भरतात १०२, कारण मधला एक आता नाही. आमच्या नातीची मोजणी ९८ वर थांबली. उरलेले चार तिने डुलकीत घालवले, हे तिला आजही मान्य नाही.

बडोगला गाडी थांबते, तिथे कटलेट आणि चहा घ्यावा. स्टेशनाला लागूनच या मार्गावरचा सर्वांत लांब, एक किलोमीटरहून मोठा बोगदा आहे. बडोग नावाच्या इंग्रज इंजिनिअरने डोंगर दोन्ही बाजूंनी खणायला घेतला, पण दोन टोकं जुळलीच नाहीत, अशी गोष्ट सांगतात. त्याला एक रुपया दंड झाला आणि पुढे भलकू नावाच्या स्थानिक माणसाने नवी वाट दाखवली. मधला दुःखाचा भाग मी मुलांना अजून सांगितलेला नाही. नातवाला काळजी एवढीच होती, की त्याने तो एक रुपया भरला का.

शिमल्यात मॉलवर गाड्या येत नाहीत, म्हणून मुलांचा हात सोडता येतो. मात्र आपल्या गुडघ्यांसाठी कार्ट रोडवरून वर नेणारी लिफ्ट लक्षात ठेवा. तिकीट थोडकंच आहे आणि चढ वाचतो. जाखूच्या १०८ फुटी हनुमानाला रोपवेने जा. तिथली माकडं चष्मा पळवतात, तेव्हा तो आधीच पर्समध्ये ठेवा. कुफ्रीचे घोडे आम्ही वगळले. दिवसाला एकच ठिकाण आणि दुपारी सगळ्यांनी झोपायचं, हा नियम मुलांपेक्षा आमच्यासाठी आहे. आणखी एक, मुलांचे आई-वडील बरोबर नसतील तर त्यांच्या आधार कार्डांच्या प्रती, औषधांची मात्रा आणि आई-वडिलांची लेखी संमती जवळ असू द्या. रेल्वेत ज्येष्ठांना मिळणारी तिकिटाची सवलत २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा हिशेब पुऱ्या भाड्याचा धरा.

आठ दिवसांनी मुलं पुण्याला परततात आणि आम्ही दोन दिवस नुसते पडून असतो. मग कॅलेंडर काढून ऑक्टोबरच्या एका आठवड्यावर खूण करतो आणि ती तारीख लगेच मुलीला कळवतो. आधी कळवलं की रुसवे होत नाहीत. ऐन वेळी सांगितलं की आजी-आजोबांना नातवंडं नकोशी झाली, असा अर्थ निघतो.

नालदेहरा सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, देवदारांच्या दाटीत आहे. व्हाइसरॉय कर्झनला ही जागा इतकी आवडली की १९०४ मध्ये जन्मलेल्या धाकट्या मुलीच्या नावात त्याने ती गुंफली, अलेक्झांड्रा नालदेरा. मैदानातच महूनागाचं देऊळ आहे. आम्ही आधी हात जोडतो, मग काठी उचलतो. मैदान म्हणायचं खरं, पण सपाट असं फार थोडं. उतारावर मारलेला चेंडू भलतीकडेच घरंगळतो, पातळ हवेत थोडा लांबही जातो आणि मग कॅडीशिवाय तो सापडत नाही. पावसाळा संपलेला असतो, आकाश स्वच्छ, गर्दी ओसरलेली. संध्याकाळी मात्र स्वेटर हवाच. जाण्याआधी फोन करून शुल्क आणि खेळायची वेळ विचारून घ्यावी.

ह्यांच्या अँजिओप्लास्टीला तीन वर्षं झाली. त्याआधी ते अठरा होल हट्टाने पुरे करायचे. आता डॉक्टरांशी बोलून आम्ही नऊच खेळतो, तेही एकमेकांविरुद्ध नाही. दोघांनी मारायचं, ज्याचा चेंडू चांगल्या जागी पडला तिथून पुढे दोघांनी खेळायचं. नवरा-बायकोने खेळायला याहून सोयीची पद्धत नाही. बऱ्याचदा माझाच चेंडू निवडावा लागतो, कारण मी जवळच मारते पण सरळ मारते. हे ते कॅडीसमोर कबूल करत नाहीत.

दोन-अडीच तास शेजारी शेजारी चालताना बोलणं निराळंच होतं. घरी टीव्ही असतो, फोन असतो, दारावरची बेल असते. गेल्या ऑक्टोबरमध्ये एका चढावर ते दम खायला थांबले. कॅडी पुढे गेला होता. देवदाराला टेकून ते म्हणाले, "दिल्लीचं घर विकून पुण्याला जायचं का गं?" दोन वर्षं हा विषय आम्ही दोघंही टाळत होतो. मुलीने सुचवून पाहिलं होतं, मीही मनात हिशेब मांडले होते, पण त्यांच्या तोंडून तो पहिल्यांदाच निघाला. मी म्हटलं, जाऊ, पण तिच्या घरात नाही, जवळ वेगळं घर घेऊ. ते बराच वेळ बोलले नाहीत. पुढच्या दोन होलवर त्यांचे फटके वाईट गेले आणि मीही काही बोलले नाही.

नाताळात पुण्याला जाऊन तीन घरं बघून आलो. एकाला लिफ्ट नव्हती, एक फारच लांब होतं. तिसरं मला आवडलं आहे. ह्यांनी दलालाला पहिला प्रश्न विचारला तो जवळपास गोल्फचं मैदान आहे का, हा. नातीने विचारलं, घर पुण्यात झालं तर बोगदे मोजायला कोण नेणार? तिला उरलेले चार अजून शोधायचे आहेत, म्हणून या मेची कालक्याची तिकिटं आम्ही काढून ठेवली आहेत.