किक-ऑफ किती वाजता?

गेल्या वर्षी इंटर-हाऊस फुटबॉलची फायनल चार वाजता होती. आभाळ भरून आलं म्हणून ती तीनलाच सुरू झाली. बाबा बेळगावहून पोहोचले, तेव्हा आम्ही बूट सोडत बसलो होतो. माझा गोल त्यांनी पाहिलाच नाही.

कंठीरवा स्टेडियमवर बेंगळुरू एफसीचे बरेच सामने संध्याकाळी साडेसातला झाले आहेत. नोकरदारांना ही वेळ सोयीची. आम्हा कॅडेट्सची मात्र तेव्हा प्रेप असते.

तरीही सगळं वेळेवरच ठरत नाही. १ जून २०१८ ला मुंबईत भारत-चायनीज तैपेई सामन्याला अवघे २,५६९ प्रेक्षक होते. मग कर्णधार सुनील छेत्रीनं लोकांना मैदानावर येण्याची कळकळीची विनंती केली. ४ जूनला, सोमवार असूनही, भर पावसात स्टेडियम भरलं. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. भारतानं केनियाला ३-० नं हरवलं.

माणसं येतात, त्यांना कुणीतरी ‘या’ म्हणायला हवं, आणि वेळ बदलली तर कळवायलाही हवं.

यंदा मी बाबांना पत्रात लिहिलंय, ‘सामना चारला आहे. तुम्ही दोनलाच या.’