आईच्या आंघोळीचे पाणी

चाकणजवळच्या आमच्या गावाभोवती आता रात्रभर कारखान्यांचे दिवे दिसतात. बांधावरच्या बाभळी गेल्या, तसे जळणही गेले. म्हणून मी गच्चीवर १०० लिटरचा सौर बंब बसवला. तांब्याचा जुना बंब मोडीत घालू म्हणालो, तर आई म्हणाली, "राहू दे रे कोपऱ्यात. खायला मागत नाही तो."

नोकरीमुळे मी दुसऱ्या तालुक्यात राहतो. मार्गशीर्षात सुटीला घरी गेलो, तर पहाटे ऐंशी वर्षांची आई गार पाण्याने आंघोळ करून कुडकुडत होती. महिनाभर पाणी तापत नव्हते. मुलाने एवढा खर्च केला, त्याला वाईट वाटेल, म्हणून ती गप्प राहिली होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुपारी गच्चीवर गेलो. काचेची पेटी चटका देत होती, टाकी मात्र गार. आईला सांगितले, तर ती म्हणाली, "बंबातसुद्धा कढत पाणी वरच येतं. तुझ्या नळीला नीट चढ आहे का?"

शेतकीचा पदवीधर मी, पण नेमके तिने ओळखले! तापलेले पाणी हलके होऊन पेटीतून टाकीत चढते, टाकीच्या तळाचे गार पाणी पेटीत उतरते. हा फेरा पंपाशिवाय चालतो. त्यासाठी टाकी पेटीपेक्षा उंच हवी आणि गरम पाण्याची नळी सतत चढती हवी. आमच्या नळीला मध्येच उंचवटा आला होता. तिथे हवा कोंडून फेरा थांबला होता. नळी सरळ केली, दुसऱ्या दिवशी पाणी कढत!

थंड देशांत घरेही अशीच उबदार ठेवतात. बॉयलरचे गरम पाणी खोल्याखोल्यांतल्या लोखंडी पेट्यांत जाते, ऊब देऊन निवते आणि परत येते. पूर्वी हा फेरा बहुधा आपोआप चाले, आता पंप लावतात.

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला विजेची साडेचार युनिटांहून अधिक लागतात. सूर्य ती फुकट देतो. मात्र बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार साचतात, ते वेळच्या वेळी काढून घ्यावेत. टाकीवरची हवेची नळी कधीही बुजवू नये.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पाणी गरम येते का, हे आपणच विचारावे. ती आपणहून सांगत नाहीत.