हा आकडा आला कुठून?

सुरतेत पदवीच्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र घेणाऱ्या मुलांना मी सुरुवातीलाच मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढून दाखवत नाही. आधी बारडोलीची गोष्ट सांगतो. सुरत जिल्ह्यातल्या या तालुक्यात सरकारनं शेतसारा सुमारे 22 टक्क्यांनी वाढवला आणि 1928 मध्ये शेतकऱ्यांनी तो भरायला नकार दिला. वल्लभभाई पटेलांचं नेतृत्व, जप्त्या, लढा हे मुलांना शाळेपासून ठाऊक असतं. त्यापुढचा भाग मात्र बहुतेकांनी वाचलेला नसतो. लढा मिटताना चौकशी कबूल झाली. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल हे दोन अधिकारी गावोगाव गेले, नोंदी तपासल्या, शेतकऱ्यांची बाजू ऐकली. सारावाढीला आधार होता जमिनीच्या खंडाच्या आकड्यांचा, आणि ते आकडे नीट चौकशी करून गोळाच केलेले नव्हते, असं त्यांना आढळलं. अखेर वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली.

बावीसाचे सहा कसे झाले, हे ज्याला समजलं त्याचा अर्थशास्त्रात प्रवेश झाला, असं मी मानतो. पुढ्यात आलेला आकडा कुणी, कुणाला, काय विचारून मिळवला, हा प्रश्न पडायला पदवीच्या वयातच शिकवलं पाहिजे. नंतर तो सुचत नाही.

बारडोलीच्या त्या दिवसांत सुरतेच्या एम. टी. बी. महाविद्यालयाचे प्राचार्य एक तरुण मराठी अर्थशास्त्रज्ञ होते: धनंजयराव गाडगीळ. 1925 मध्ये ते इथं आले तेव्हा चोवीस वर्षांचे होते आणि भारतातल्या औद्योगिक स्थित्यंतरावरचा त्यांचा ग्रंथ आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. 1930 मध्ये ते पुण्याच्या नव्या गोखले संस्थेचे संचालक झाले. पुढं या संस्थेनं पुण्यातल्या फळबाजाराची, वाई तालुक्यातल्या शेतीची, पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी केली. फळ बागेतून निघून गिऱ्हाईकाच्या हाती पडेपर्यंत मधल्या कुणाला किती मिळतं, हे प्रत्यक्ष विचारून लिहिलं गेलं. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीनं गाडगीळ उभे राहिले आणि 1967 मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. दिल्लीतल्या त्या खुर्चीपर्यंत नेणारी त्यांची वाट गावांतून आणि बाजारांतून गेलेली होती.

माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांची घरं लिंबायत, उधना, दिंडोली भागातली. आईवडील किंवा आजीआजोबा जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीकाठच्या रेल्वेनं इथं आले. घरात अहिराणी, रस्त्यावर हिंदी, वर्गात गुजराती आणि संदर्भग्रंथ इंग्रजीत. ही मुलं पुस्तकापुढं दबकून बसतात. सुरतेच्या अर्थव्यवस्थेचा मोठा भाग त्यांच्याच घरात राहतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून पहिल्या सत्रात मी त्यांना आपल्या गल्लीतल्या घरांची पाहणी करायला लावतो. ‘महिन्याचं उत्पन्न किती?’ हा प्रश्न लूमवर मीटरप्रमाणे मजुरी घेणाऱ्या कारागिराला विचारला की तो अंदाजानं काहीतरी सांगतो. वीज गेली, धागा तुटत राहिला, मालकाकडं न रंगवलेलं ग्रे कापड साचलं, की मीटर कमी भरतात आणि पैसेही. त्याऐवजी ‘गेल्या पगाराला हातात किती पडले, त्याच्या आधीच्याला किती?’ असं विचारलं की खरं चित्र दिसू लागतं. घंटीवर हिरे घासणाऱ्यांना नगावर मजुरी. अमेरिकेतली मागणी घटली की दिवाळीची सुट्टी लांबते. 2008 च्या मंदीत असंख्य रत्नकलाकारांचं काम गेलं. नोंदणीच नसलेल्या माणसाची बेकारी कागदावर कशी यावी? केन्सनं सांगितलेली परिणामकारक मागणी समजावायला याहून जवळचं उदाहरण मला सापडलेलं नाही.

सगळ्यांत मोठा धडा बायकांच्या कामाचा. ‘आई काय करते?’ या रकान्यात मुलं सहज ‘गृहिणी’ लिहितात. मग मी पुढचे प्रश्न देतो: घरात साड्यांचे गठ्ठे येतात का, धागे कोण कापतं, टिकल्या आणि लेस कोण लावतं, एका साडीमागं काय मिळतं? दुसऱ्या फेरीत बऱ्याच घरांतला तो रकाना बदलतो. स्त्रियांच्या श्रमसहभागाचं प्रमाण प्रश्नाच्या शब्दांनीही खालीवर होतं, हे मग व्याख्यान देऊन सांगावं लागत नाही.

सार्वजनिक वित्ताचंही तेच. जुलै 2017 मध्ये वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा कृत्रिम धाग्यावर 18 टक्के आणि कापडावर 5 टक्के कर होता. रिंग रोडवरच्या कापडबाजारानं बंद पुकारला. ऑक्टोबरात धाग्यावरचा दर 12 वर आला, तरी कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी ही उलटी रचना 2025 पर्यंत राहिलीच. विणकराचं भांडवल भरलेल्या करात कसं अडकायचं, हे वही-पेन घेऊन मांडलं की कराचा भार अखेर कुणावर पडतो, हे प्रकरण मुलं स्वतःच शोधत येतात.

यावरून सिद्धान्त दुय्यम ठरतो, असं कुणी समजू नये. पाहणीला जाणाऱ्याकडं सिद्धान्त नसेल तर काय विचारावं हेच कळत नाही. सीमांत उत्पादकता, लवचीकता, प्रतिगमन हे सगळं कसून शिकलंच पाहिजे. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी खाणीतल्या हिऱ्याचा भाव कसा दाबला, हे पर्यायी वस्तूंच्या सिद्धान्ताशिवाय उलगडणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानं संशोधनाला पदवीचं चौथं वर्ष दिलं आहे. माझं आग्रहाचं म्हणणं असं की पाहणी पहिल्याच वर्षी सुरू व्हावी. गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पांनी गुजरातेतल्या मातर तालुक्याची पाहणी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊनच केली होती. त्याला फार पैसा लागत नाही. चांगली प्रश्नावली, वेळापत्रकात दोन तास आणि मुलांनी लिहून आणलेलं तितक्याच काळजीनं वाचणारा शिक्षक पुरतो.

‘अर्थशास्त्र घेऊन मुलगी काय करणार?’ असं पालक विचारतात. बँक आहे, स्पर्धा परीक्षा आहेत, हे मी सांगतोच. पण त्याआधी सांगतो, की मजुरीचे दर ठरतील, योजना आखल्या जातील, तेव्हा तुमच्या वस्तीबद्दलचे आकडे कुणीतरी मांडणारच आहे. ते तपासू शकणारं माणूस तुमच्याच घरातलं असलं, तर वस्तीच्या वाट्याला न्याय येण्याची शक्यता वाढते.