शैथिल्य

अकोल्याला जाताना पातूरचा घाट उतरत होतो, आणि जीपचा दुसरा गिअर आपोआप सुटला. इंजिनाची अडवण संपली आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर आला. मागे बसलेल्या आईंना काही कळले नाही. आम्ही दोघे मात्र पायथ्यापर्यंत एकमेकांशी बोललो नाही. परतीच्या वाटेवर मेडशी, मालेगाव करीत वाशीम गाठेपर्यंत गिअरचा दांडा आम्ही आळीपाळीने हाताने दाबून धरला होता. बाबांच्या पश्चात ही जीप आम्ही केवळ ममत्वापोटी ठेवली होती. ममत्वाला घाट समजत नाही, हे त्या दिवशी कळले.

गॅरेजवाला आमचाच एकेकाळचा विद्यार्थी निघाला. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला त्याने महाविद्यालय सोडले होते. त्याने गिअरपेटी उतरवून फळ्यावर ठेवली. समोर डोकावणारा क्लच शाफ्ट आम्ही हाताने हलवून पाहिला, तर तो चांगलाच डुलला. दोष सापडल्याच्या आनंदात आम्ही निदान जाहीर केले.

"तो तसा हालतेच, मॅडम," तो म्हणाला. "त्याचं दुसरं टोक इंजिनात बसते."

खरेच होते. त्या शाफ्टचे टोक इंजिनाच्या क्रँक शाफ्टमधल्या बुशात टेकते. पेटी बाहेर काढली की तो एकाच बेअरिंगवर उभा राहतो, म्हणून डुलतो. जागेवरून उपटलेल्या वस्तूची हालचाल आम्ही तिचा दोष समजत होतो.

पुढचा तासभर आम्ही नुसते पाहत राहिलो. शाफ्टला 'प्ले' येतो तो दोन प्रकारचा, आडवा डोलणारा आणि अक्षाच्या दिशेने मागे-पुढे सरकणारा. दोन्हींची कारणे निराळी. गिअर सुटतो म्हणून त्याने आधी स्वस्तातले संशयित तपासले: दांड्याच्या फोर्कची टोके आणि गिअर अडकवून ठेवणारी गोळी व तिची स्प्रिंग. ती ठीक होती. मग डायल गेज पेटीवर घट्ट बसवून त्याची सुई मेन शाफ्टच्या टोकाशी, अक्षाच्या रेषेत, टेकवली. शाफ्ट आत दाबला, तबकडी शून्यावर आणली आणि शाफ्ट बाहेर ओढला. तबकडीचे एक घर म्हणजे 0.01 मिलिमीटर, काटा मर्यादेच्या कितीतरी पुढे गेला. आमच्या मते आता बेअरिंग बदलायचे. त्याने तसे केले नाही. तीच सुई त्याने बेअरिंगच्या आतल्या कड्यावर ठेवली आणि शाफ्ट पुन्हा ओढला. काटा हलला नाही. म्हणजे बेअरिंग निर्दोष होते. त्याच्या आतून शाफ्टच सरकत होता. मागच्या टोकाचे नट ढिले झाले होते. तिरप्या दातांचे गिअर शाफ्टला अक्षाच्या दिशेने रेटतात, आणि उतारावर चाके इंजिनाला ओढू लागली की हा रेटा उलटतो. म्हणूनच ती घाटात सुटली. सपाटीवर निमूट चालत असे.

नट आवळून त्याने पुन्हा मोजले. मग ले शाफ्टच्या थ्रस्ट वॉशरपाशी फिलर घालून पाहिला. तिथेही किंचित फट होती. "तीही बुजवून टाक ना," आम्ही म्हणालो.

"नाही सर, इतका प्ले पाह्यजेच. तेल कुठून जाईन? गरम झाल्यावर धरीन."

प्रत्येक पेटीला तिच्यापुरता सैलपणा नेमून दिलेला असतो. ॲल्युमिनियमच्या पेटीत तर हिशेब आणखी अवघड. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. दोन बेअरिंगांत 200 मिलिमीटर अंतर असेल आणि तापमान 60 अंशांनी वाढले, तर फट 0.14 मिलिमीटरच्या आसपास वाढते. गार असताना घेतलेले माप म्हणजे केवळ अर्धे सत्य.

वर्गात आम्ही दंडीचा 'काव्यादर्श' शिकवतो. त्याच्या लेखी शैथिल्याचा स्पर्श नसणे हा श्लेष गुण, वैदर्भ मार्गाचे भूषण. राजशेखराने काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशी विवाह लावला तो याच वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या वाशीमला. तेव्हा घट्ट बांधणीचा अभिमान आमच्या पाण्यातच असावा. पण वामन शैथिल्यालाच प्रसाद म्हणतो. हा तर दोष, अशी शंका तो स्वतःच उपस्थित करतो आणि उत्तर देतो की, ओजाच्या गाढ बंधाशी मिसळलेले शैथिल्य हा गुण होय. हे सूत्र आम्ही वर्षानुवर्षे परीक्षेपुरते समजावून सांगत आलो.

पैसे देताना त्याला सहज विचारले, "कॉलेज का सोडलेस रे?"

"घरी अडचण होती," तो म्हणाला. मग हसून, "आणि तुम्ही माह्या निबंधावर लाल शाईनं 'शिथिल' लिहिलं होतं. कुठं आवळू, ते समजलंच नाही."

त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. तो निबंध आम्हांला आठवत नाही. सुई कुठे टेकवून आम्ही तो मोजला होता, हेही आठवत नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा अकोल्याला गेलो. घाटात गिअर सुटला नाही. घरी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडला आहे. एकीवर आम्ही 'शिथिल' एवढे लिहिले आणि थांबलो. मग तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.