घाटात करंट गायब!

अमेरिकेत ऑनसाइटला गेलेला प्रत्येक जण ग्रँड कॅन्यनचे फोटो घेऊन येतो. मस्तच आहे ते. पण अ‍ॅरिझोनात एक वीकेंड जास्तीचा मिळाला, तर किंगमन ते ओटमन हा जुन्या रूट ६६चा तुकडा कराच. जेमतेम ४५ किलोमीटर. १९२६ साली सुरू झालेला हा हायवे १९८५ मध्ये अधिकृत यादीतून गेला. हा तुकडा तर त्याच्याही आधी, १९५२ मध्येच, दुसरीकडून सोपा रस्ता झाल्यावर बाजूला पडला होता. म्हणूनच तो अजून तसाच आहे. अरुंद, वळणावळणाचा, बऱ्याच ठिकाणी कठडासुद्धा नाही. ४० फुटांहून लांब गाड्यांना बंदी.

सिटग्रीव्हज पास हा याचा माथा, सुमारे ३,५५० फुटांवर. महाबळेश्वरपुढे किरकोळ! पण सावलीला झाड नाही आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. मॉडेल टीच्या जमान्यात लोक हा चढ चक्क रिव्हर्समध्ये चढायचे. टाकीतलं पेट्रोल उताराने इंजिनात यायचं. नाक वर झालं की पुरवठा बंद. शिवाय रिव्हर्स गिअरला जोर जास्त.

आम्ही गेलो ते माझ्या कोल्हापूरकर मित्राच्या पिकअपमधून. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची, पेट्रोलवाली, सेकंडहँड. माथ्याच्या अलीकडे कूल स्प्रिंग्ज नावाचा जुना दगडी पेट्रोल पंप लागतो. तिथे फोटो न काढणारा माणूस अजून जन्मायचाय. वीस मिनिटांनी परत येऊन चावी फिरवली. इंजिन गरगर फिरलं, पण पेटेना. मोबाइलला रेंज शून्य.

“इंजिन फिरतंय म्हणजे बॅटरी-स्टार्टर ठीक,” मित्र म्हणाला. “आता गप्प बस की जरा.” चावी नुसती ऑन केली. मागून दोन सेकंद घूंऽऽ असा आवाज आला. पेट्रोलचा पंप चालू. मग डॅशबोर्डच्या कप्प्यातून स्पार्क टेस्टर निघाला. (लोक तिथे गॉगल ठेवतात.) तो प्लगच्या वायरला लावून इंजिनच्या लोखंडाला चिमटवला आणि मी चावी मारली. ठिणगी नाही. वायर हातात धरून करंट बघायची आपली गॅरेजवाली पद्धत इथे नको हं. झटका सणसणीत बसतो आणि इलेक्ट्रॉनिक्सही उडू शकतं.

करंट नाही म्हटल्यावर आपण थेट कॉइल बदलायला निघतो. त्याने आधी टेस्ट लॅम्प काढला. कॉइलच्या प्लसला लावला, दिवा लागला. म्हणजे वीज पोहोचतेय. मायनसला लावून इंजिन फिरवलं. तिथे दिवा लुकलुकायला हवा, कारण प्रत्येक ठिणगीसाठी कॉइलची वीज तोडावी लागते. दिवा ढिम्म. म्हणजे वीज तोडणाराच झोपलेला.

पूर्वी हे काम डेल्कोतले पॉइंट करायचे. हो, डिस्ट्रिब्यूटरला आपले मिस्त्री डेल्कोच म्हणतात. या गाडीत पॉइंटच्या जागी एक छोटं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, आणि तेही डिस्ट्रिब्यूटरवरच स्क्रूने बसवलेलं. गाडी बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिनची सगळी उष्णता वर चढते. आम्ही फोटो काढत होतो तेव्हा ते बिचारं भाजत होतं!

कूलबॉक्समधला बर्फ त्याने पिशवीत भरून नेमका मॉड्यूलवर ठेवला. आतला सेन्सरही गरम झाल्यावर असाच फसवतो, म्हणून फक्त मॉड्यूलवर. दहा मिनिटांनी चावी मारली आणि ठिणगी टक्-टक् हजर.

मी म्हटलं, “चल, माथा राहिला थोडकाच.” तो म्हणाला, “आणि वळणात बंद पडली तर? स्टेअरिंग जड, ब्रेक जड, बाजूला कठडा नाही. आणि बर्फ संपला.” गाडी वळवली. मला राग आला होता, हे सांगायला हरकत नाही.

किंगमनच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मॉड्यूल फुकट तपासून देतात. मशीन म्हणालं, पास! ऑफिसात आयटीवाला जवळ आला की कॉम्प्युटर चालू होतो ना, अगदी तसंच. थंड मॉड्यूल पास होणारच. मित्राने काउंटरवरच्या पोराला लागोपाठ टेस्ट करायला लावली. सहाव्यांदा, मॉड्यूल तापल्यावर, लाल दिवा.

नवं बसवायला दोन स्क्रू आणि एक बारीक पान्याची नळी, बस्स. पाठीला उष्णता वाहून नेणारी पेस्ट मात्र लावायचीच, प्रोसेसरला लावतात तशी. जुन्याची पार वाळून खडखडीत झाली होती.

दुसऱ्या दिवशी माथा ओलांडून ओटमनला उतरलो. सोन्याच्या खाणींचं गाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खाणी बंद झाल्या, माणसं गेली, त्यांची गाढवं राहिली. त्यांचे वंशज आजही भररस्त्यात उभे असतात आणि खिडकीतून तोंड आत घालतात. मित्राने भर दुपारी मुद्दाम उन्हात गाडी लावली, बंद केली आणि तासभर गाढवं बघितली. मग चावी माझ्या हातात दिली. “मार.”

पहिल्याच फटक्यात स्टार्ट. समोरचं गाढव काही हललं नाही.